ड्रेस्डेन प्लेट: वीस पाकळ्यांचा हिशेब आणि मागची कोरी बाजू

इथल्या क्विल्टिंगच्या वर्गांत आता आपल्याकडच्या भगिनीही दिसू लागल्या आहेत. काही घरांत तर सासू आणि सून एकाच टेबलाशी बसून शिवतात. या वर्गांत हमखास भेटणारा एक नमुना म्हणजे 'ड्रेस्डेन प्लेट': कापडाच्या पाकळ्या जोडून केलेले मोठे वर्तुळ, मधे गोल टिकली, आणि हे सारे पांढऱ्या कापडावर बसवलेले. कौतुक केले की शिवणारी जरा संकोचून म्हणते, "आमची काही अस्सल नाही हो, पट्ट्या आयत्या कापलेल्या आणल्या होत्या." हा संकोच इतिहासाला धरून आहे का, ते पाहू.

सुरुवात नावापासून करू. ड्रेस्डेन हे जर्मनीतील सॅक्सनी प्रांताचे शहर. तिथून जवळच माइसेन येथे १७१० मध्ये चिनी मातीच्या भांड्यांचा राजाश्रयाने चालणारा कारखाना सुरू झाला. तोवर असली भांडी चीन-जपानहून येत आणि युरोपातले राजे त्यांच्यासाठी खजिने रिते करत. माइसेनच्या भांड्यांना इंग्रजीत सरसकट 'ड्रेस्डेन'ची भांडी म्हणण्याची रीत पडली. एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेन शहरातही अशी भांडी रंगवणारी दुकाने निघाली. कातरलेल्या काठाच्या, फुलापानांनी भरलेल्या त्या बश्या श्रीमंतांच्या कपाटात असत. ज्या अमेरिकन शेतकरणीला अशी बशी विकत घेणे शक्य नव्हते, तिला ती कापडात मात्र करता येत होती. याच नमुन्याला काही ठिकाणी 'फ्रेंडशिप रिंग', म्हणजे मैत्रीचे कडे, असेही म्हणत. हे दुसरे नाव लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येईल.

कापडावर कापड बसवण्याची ही कला या नमुन्याहून बरीच जुनी आहे, आणि तिच्या इतिहासात आपल्याकडचे कापडही आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत कोरोमंडल किनाऱ्यावरचे रंगीत सुती कापड युरोपात आणि तिथून अमेरिकेत पोहोचले. इंग्रजीतला 'चिंट्झ' आणि आपली 'चीट' हे शब्द एकाच कुळातले आहेत, आणि 'कॅलिको' तर कालिकतवरूनच आला. हे कापड महाग होते. म्हणून बायका त्यातली फुले-पाखरे कातरून साध्या कापडावर शिवत, म्हणजे थोड्या चिटेत मोठी चादर सजे. ड्रेस्डेन प्लेटची पाकळ्यांची चकती साध्या कापडावर बसवण्याची रीत त्याच परंपरेतली आहे.

या नमुन्याचा खरा बहर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर अमेरिकेत महामंदी आली. पीठ, साखर आणि कोंबड्यांचे खाद्य त्या काळी सुती पोत्यांतून येई. एका मोठ्या पोत्यातून साधारण वारभर कापड निघे. बायका त्याचे कपडे शिवतात हे ओळखून कंपन्यांनी पोती फुलाफुलांच्या छापाची केली आणि कंपनीचे नाव धुतल्यावर जाईल अशा शाईने किंवा कागदी चिठ्ठीवर छापले. एका झग्याला तीन-चार पोती लागत, त्यामुळे नवऱ्याला बाजारात पाठवताना "याच छापाचे पोते आणा" असे बजावावे लागे. झगे शिवून उरलेल्या चिंध्यांतून या पाकळ्या झाल्या. टाकाऊतून टिकाऊ, हे आपल्या गोधडीचे तत्त्व तिथेही चालत होते.

पण चित्राचा हा अर्धाच भाग झाला. त्याच वर्षांत क्विल्टिंग हा मोठा व्यापारही होता. सेंट लुईसच्या लेडीज आर्ट कंपनीने १८८९ मध्येच नमुन्यांची सूची काढून टपालाने नमुने विकायला सुरुवात केली होती. 'कॅन्सस सिटी स्टार' या वृत्तपत्राने १९२८ पासून १९६१ पर्यंत क्विल्टचे नमुने छापले. आणि आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देणारी गोष्ट अशी की, १९२० आणि १९३० च्या दशकांत साच्याने कापलेल्या तुकड्यांचे तयार संच टपालाने घरपोच मिळत. म्हणजे आजची नात आयत्या पट्ट्या आणते, तेव्हा ती आजीच्या पिढीतलीच एक रीत पुढे चालवत असते. कात्रीच्या जागी फिरत्या चाकाचे पाते आले १९७९ मध्ये, जपानच्या ओल्फा कंपनीकडून. अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी त्यानंतरची.

या गुंडाळीचे गणित गमतीचे आहे. तिच्यात साधारण ४० पट्ट्या असतात. प्रत्येक अडीच इंच रुंद आणि सुमारे ४२ इंच लांब. वर्तुळाचे ३६० अंश वीस पाकळ्यांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला १८ अंश येतात. पट्टीचे पाच-पाच इंचांचे आठ तुकडे करा. प्रत्येक तुकडा असा निमुळता कापा की एक टोक अडीच इंचांचे राहील आणि दुसरे इंचाहून किंचित कमी होईल. रुंद टोक सुलट बाजू आत ठेवून उभे दुमडा, पाव इंचावर टीप मारा आणि उलटवा, की टोकदार पाकळी तयार. अशा वीस पाकळ्या जोडल्या की सुमारे बारा इंचांची प्लेट होते. चाळीस पट्ट्यांतून ३२० पाकळ्या, म्हणजे सोळा प्लेट निघतात. चार ओळींत चार-चार लावल्या की पलंगावर घालण्याजोगी क्विल्ट झाली.

आता कसब कुठे लागते ते पाहा. प्रत्येक पाकळीत शिलाई इंचाचा फक्त सोळावा भाग चुकली, तर वीस पाकळ्यांत सव्वा इंचाची तफावत पडते. मग प्लेट सपाट बसत नाही. मधे फुगते, नाहीतर कडेला चुण्या पडतात. पट्टी कोणी कापली याने हे टळत नाही. तेव्हा आयत्या पट्ट्यांचा संकोच सोडून द्या. या इतिहासात खरोखर चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे.

१९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सिअर्स कंपनीने राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धा भरवली. सुमारे २४ हजार क्विल्ट आल्या. पहिले बक्षीस होते एक हजार डॉलर, मंदीच्या काळात डोळे दिपवणारी रक्कम. ते केंटकीतील लेक्सिंग्टनच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांना मिळाले आणि क्विल्ट एलेनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली. पुढे संशोधकांनी दाखवून दिले की केडनबाईंनी ती स्वतः शिवलीच नव्हती. मजुरीवर राबणाऱ्या दुसऱ्या बायकांनी ती शिवली होती, आणि बक्षिसातला वाटा त्यांना मिळाला नाही. बोललो असतो तर हातचे काम गेले असते, ही त्यांची अडचण त्या काळात कोणालाही समजावी अशी होती.

संग्रहालयांत आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत आज त्या काळातल्या कितीतरी ड्रेस्डेन प्लेट दिसतात. कापड ओळखता येते, दशक सांगता येते, पण मागची बाजू बहुधा कोरी असते. आपल्या गोधड्यांचेही तसेच आहे. आईच्या नऊवारीची, धावदोऱ्याने भरलेली ती गोधडी सामानात घालून आपण सातासमुद्रापार आणली. पण ती कोणी शिवली, हे घरातल्या धाकट्यांना विचारा. "आजीने" एवढेच उत्तर येईल. कोणती आजी, कोणत्या गावची, तिचे नाव काय?

इथे 'मैत्रीचे कडे' कामाला येते. गावातल्या लोकांची नावे क्विल्टवर भरायची, प्रत्येक नावामागे थोडे पैसे घ्यायचे आणि चर्चसाठी निधी उभारायचा, अशी इथे जुनी पद्धत होती. कड्याच्या प्रत्येक पाकळीवर एक नाव मावते. आपल्या मंडळालाही हे सहज करता येईल.

आणि घरच्या घरी एवढे करा. क्विल्ट पुरी झाली की मागच्या कोपऱ्यात एक पांढरा तुकडा शिवा आणि त्यावर धुतल्यावर न जाणाऱ्या शाईने लिहा: कोणी शिवली, कुठे, कोणत्या साली, कोणासाठी. पट्ट्या आयत्या होत्या, हेही खुशाल लिहा. मग कपाटातली जुनी गोधडी काढा आणि तिच्यावरही असाच एक तुकडा लावा. त्यावर नुसते 'आजी' लिहू नका. तिचे पूर्ण नाव लिहा, माहेरच्या नावासकट. ते आठवत नसेल, तर ज्यांना आठवते त्यांना या दिवाळीच्या फोनवर विचारून घ्या.