जकात, हलालखोर कर आणि कचऱ्याचा पैसा

मराठीत ‘जकात’ म्हटलं की शहराच्या वेशीवरचा नाका आठवतो. उर्दूत ‘ज़कात’ म्हटलं की रमजान आठवतो. शब्द एकच. अरबीतून फारसीत, फारसीतून मराठीत आला आणि येता येता अर्थ बदलून बसला. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे हा शब्द मला वर्गात दरवर्षी भेटतो. या वेळी मात्र तो एका रोकड्या प्रश्नासाठी मदतीला घेतो आहे. कचऱ्याच्या आणि सांडपाण्याच्या नावाने आपल्याकडून पैसा घेतला जातो, तो जातो कुठं? आणि कचरा नीट हाताळला जातो की नाही हे तपासणाऱ्या सरकारी माणसाचा पगार कुठून होतो?

जकातीपासूनच सुरुवात करू. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकात खर्च करण्याच्या आठ बाबी ठरवून दिल्या आहेत. गरीब, मिस्कीन, कर्जात बुडालेले, वाटसरू वगैरे. या आठांत एक बाब ‘आमिलीन’ची आहे, म्हणजे जकात गोळा करणाऱ्या आणि तिचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांची. त्यांचं वेतन जकातीतूनच द्यायचं. फुकहांनी त्यालाही लगाम घातला. कोकणातले मुसलमान ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यात आमिलचा वाटा एक अष्टमांशापुढे जाऊ नये असं म्हटलं आहे. विदर्भात आपण बहुतेक हनफी. आपल्याकडे कामाच्या मापाने मजुरी, पण जमा रकमेच्या निम्म्याहून जास्त नाही. यात मला तीन गोष्टी दिसतात. पैसा कुठं खर्चायचा ते आधीच ठरलेलं आहे. व्यवस्था चालवणाऱ्याची सोय त्याच पैशातून आहे. आणि त्या सोयीला मर्यादा आहे.

आता वेशीवरची जकात पाहा. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांचा तो हक्काचा पैसा होता. गाडी आली, पावती फाडली, तिजोरीत जमा. भंडाऱ्याची नगरपालिका १८६७ ची, म्हणजे इथल्या आजोबा-पणजोबांनी हेच पाहिलं. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी राज्य सरकारचं अनुदान आलं. त्याच वर्षी १ मे रोजी आपल्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. जिल्हा तुटल्याची चर्चा आपण आजही करतो, जकात तुटल्याची कुणी करत नाही. नाके कुणाला आवडत नव्हते, त्यात भ्रष्टाचार होता, ट्रक तासन् तास खोळंबत. बंद झाले ते ठीकच. पण त्या दिवसापासून नगरपालिका आपल्या कमाईवरून दुसऱ्याच्या मर्जीवर आली, हेही खरं.

कचऱ्याच्या कराला तर याहून बोलका इतिहास आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात एका कराचं नाव चक्क ‘हलालखोर कर’ होतं. ज्या इमारतींचा मैला महापालिकेचे नोकर उचलत, त्यांच्यावर तो बसे. ‘हलालखोर’ म्हणजे कष्टाची, हलाल कमाई खाणारा. झाडूवाल्यांसाठी हे नाव अकबराने रूढ केलं, असं ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवलेलं आहे. बादशहाने नाव दिलं, इंग्रजांनी त्या नावाने कर लावला, पण त्या माणसाच्या डोक्यावरची पाटी तशीच राहिली. पुढे नाव बदलून मलनिःसारण कर झालं. आपल्या लहान शहरांसाठी १९६५ चा नगरपरिषद कायदा आहे. त्यात सामान्य स्वच्छता उपकर आणि विशेष स्वच्छता कर अशा दोन वेगळ्या तरतुदी आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घराघरातून वापर शुल्क घ्यायला सांगितलं.

म्हणजे कचरा उचलण्यासाठी पट्टी घेण्याची परंपरा दीडशे वर्षांच्या आसपासची आहे. पण उचलणं वेगळं आणि उचललेल्याचं पुढे काय झालं हे तपासणं वेगळं. पहिलं काम नगरपालिकेचं. दुसरं काम नगरपालिकेवरही नजर ठेवणाऱ्याचं. ते का लागतं, हे भंडाऱ्याच्या माणसाला नकाशा काढून सांगायला नको. नागपूरचं सांडपाणी नाग नदीत जातं, नाग कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ आपल्या वैनगंगेला मिळते. पुढे गोसीखुर्दचं धरण. १९८८ मध्ये राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली, तेव्हा शेताला पाणी मिळेल एवढंच लोकांच्या डोळ्यांसमोर होतं. धरणाने पाणी अडवलं, त्याबरोबर दुसऱ्या शहराची घाणही अडवली, आणि फुगवटा मागे सरकत भंडाऱ्याकडे आला. आता भंडारा नगरपालिका नागपूर महापालिकेला जाब विचारू शकते का? नाही. हद्द ओलांडून नमुना घेणारी, नोटीस काढणारी यंत्रणा राज्याचीच हवी.

ती यंत्रणा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, म्हणजे महाराष्ट्र त्याच्याही आधी निघाला होता. प्रश्न होता पैशाचा. त्यासाठी संसदेने १९७७ मध्ये जल उपकर कायदा केला. ठरावीक उद्योगांनी आणि नगरपालिका-महापालिकांनी जेवढं पाणी वापरलं, तेवढा उपकर भरायचा. कल्पना साधी होती. जेवढं पाणी आत जातं, साधारण तेवढीच घाण बाहेर येते. २००३ च्या दरांनुसार घरगुती वापरासाठी हजार लिटरला २ पैसे, आणि सहज न कुजणारी विषारी घाण निर्माण करणाऱ्या उद्योगांना १५ पैसे. नियम पाळले नाहीत तर १५ चे ३० पैसे. प्रक्रिया संयंत्र बसवलं तर सवलत. दर किरकोळ होता, पण तत्त्व पक्कं होतं.

त्यात एक खोट होती. उपकर गोळा करणार राज्य मंडळ, पण पैसा आधी दिल्लीला, भारताच्या संचित निधीत. तिथून संसदेच्या मंजुरीनंतर राज्य मंडळांना परत. आमिलने गोळा केलेलं आधी दरबारात नेऊन ठेवायचं आणि मग आपल्या वाट्यासाठी अर्ज करायचा, असा हा प्रकार. तरीही चाळीस वर्षं तो चालला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. करांची गर्दी कमी करायची म्हणून जे उपकर रद्द झाले, त्यांत हा जल उपकरही गेला. त्याच दिवशी कोळशावरचा स्वच्छ ऊर्जा उपकरही गेला. तो २०१० मध्ये टनाला ५० रुपयांपासून सुरू होऊन ४०० वर पोचला होता. तेवढ्याच दराचा नवा उपकर कोळशावर लागला, पण तो राज्यांच्या जीएसटी भरपाईसाठी होता आणि २०२५ मध्ये तोही बंद झाला. पैसा तोच राहिला, कारण बदललं.

मग मंडळ आज कशावर चालतं? मोठा आधार संमतीपत्राच्या शुल्काचा. कारखाना सुरू करायचा किंवा चालू ठेवायचा तर मंडळाची संमती लागते, तिचं शुल्क लागतं. महाराष्ट्रात हे शुल्क कारखान्यातल्या भांडवली गुंतवणुकीवर ठरतं. नीट लक्ष द्या, गुंतवणुकीवर, घाणीवर नाही. पन्नास कोटींचा कारखाना स्वच्छ असो की घाणेरडा, शुल्काचं माप त्याची गुंतवणूकच. शिवाय ज्याला परवानगी द्यायची त्याच्याच परवानगीवर घर चालत असेल, तर परवानगी नाकारणाऱ्याचा हात थोडा जड होणारच. हा माणसांच्या प्रामाणिकपणावरचा आरोप नाही. पैसा कुठून येतो याचा तो परिणाम आहे.

दुसरा रस्ता विल्हेवाट शुल्काचा. नागपूरजवळ बुटीबोरीला घातक कचऱ्याचं सामायिक केंद्र आहे. कारखाने तिथं आपला कचरा पाठवतात आणि त्याचे पैसे मोजतात. ते चालवणाऱ्या कंपनीला मिळतात. शहराच्या कचऱ्याचंही तसंच, नगरपालिका ठेकेदाराला टनामागे पैसे देते. कचऱ्याचं वजन होतं, पावती होते, व्यवहार होतो. या पावतीतला एक छोटा वाटा कायद्याने थेट तपासणी यंत्रणेच्या खात्यात का जाऊ नये? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात अशी सोय आहे. जमिनीत पुरलेल्या कचऱ्याच्या प्रत्येक टनामागे १ डॉलर ४० सेंट राज्याच्या कचरा नियमन खात्याला मिळतात.

यातही पेच आहेच. तिथं कचरा जसा कमी पुरला जाऊ लागला, तसं खात्याचं उत्पन्नही घटू लागलं. काम यशस्वी झालं की तिजोरी रिकामी. दुसरा धोका म्हणजे पैसे वाचवण्यासाठी रात्री नाल्यात ट्रक रिकामा करणारे. म्हणून शुल्क एकटं पुरेसं नाही. किमान रक्कम राज्याच्या अर्थसंकल्पातून, वरची रक्कम शुल्कातून, दर ठरावीक काळाने बदलणारा, खातं वेगळं, आणि यंत्रणेच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादा. गरीब मोहल्ल्यावर याचा बोजा पडता कामा नये. टनाने कचरा करणाऱ्याने टनाने भरावं.

हे फार नवं काही नाही. आमिलची मजुरी, तिची मर्यादा आणि खर्चाच्या ठरलेल्या बाबी आपण मदरशात लहानपणी पाठ केल्या आहेत. फक्त त्या मस्जिदीच्या चंद्याच्या हिशेबापुरत्या ठेवल्या. मस्जिदीत हिशेबाचा कागद दाराला लागतो, कुणीही वाचतो, कुणीही विचारतो. तीच सवय नगरपालिकेच्या आणि मंडळाच्या दाराशी न्यायला हवी. स्वच्छतेच्या नावाने यंदा किती जमा झालं, त्यातलं तपासणीवर किती गेलं, वैनगंगेच्या पाण्याचे नमुने किती वेळा घेतले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपयांचा अर्ज पुरतो. ज्या पाण्याने आपण वजू करतो आणि शेजारचे काका सूर्याला अर्घ्य देतात, ते पाणी एकच आहे. त्याचा हिशेबही एकत्रच मागावा लागेल.