भंडारा जिल्हा

महाराष्ट्राच्या पूर्वेकडील, नागपूर विभागातील जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला हा भाताचा आणि तलावांचा मुलूख. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेस गोंदिया, पश्चिमेस नागपूर, दक्षिणेस चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे आहेत. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १२,००,३३४. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यातच होता. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील ‘भंडारा’ वाचताना आजच्या दोन्ही जिल्ह्यांचा प्रदेश गृहीत धरावा लागतो.

तलाव : या जिल्ह्याची ओळख करून घ्यायची तर सुरुवात तलावांपासून करावी. येथे सरासरी १,३०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. भाताला पाणी नेमके लागते ते भाद्रपद-आश्विनात, लोंबी भरताना, आणि त्याच वेळी पाऊस दगा देतो. या अडचणीवर येथील लोकांनी मातीची पाळ घालून पाणी अडवण्याचा उपाय शोधला. उताराच्या वरच्या अंगाला तलाव आणि खालच्या अंगाला एकाखाली एक भाताच्या बांध्या. पाळीतून पाणी सोडण्याच्या व्यवस्थेला तुडुम म्हणतात. जास्तीचे पाणी सांडव्यावरून निघून खालच्या गावाच्या तलावात जाते. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या शेतापुरती खोदलेली छोटी तळी ती बोडी. कोणत्याही यंत्राशिवाय, जमिनीचा उतार केवळ नजरेने हेरून उभी केलेली ही रचना भारतातील उत्तम लोकस्थापत्यात मोडते. तिला तेवढा मान मात्र अजून मिळालेला नाही.

यातील बहुतेक तलाव कोहळी समाजाने बांधले. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याचे धोरण ठेवले आणि त्यासाठी कोहळ्यांना काशीकडून आणले, अशी परंपरागत कथा आहे. साकोली तालुक्यातील शिवनीबांध आणि आता गोंदियात गेलेला नवेगावबांध हे त्यांचे मोठे तलाव. नवेगावबांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी याने बांधला. पुढे लोकांनी त्याला कोलासूर म्हणून देव केले आणि टेकडीवर त्याचे ठाणे झाले. तलाव बांधणारा माणूस देवपदाला पोहोचावा, यातच या मुलखाची मूल्ये दिसतात. कोहळी ऊसही लावत आणि गूळ करीत. तलावाखालच्या ओलिताशिवाय ते शक्य नव्हते.

ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमाबंदी करताना गावांची मालकी मालगुजारांना दिली. तेव्हापासून हे तलाव ‘मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले, जरी त्यांतील बरेचसे मालगुजारीहून जुने आहेत. १९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातील मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. त्या पद्धतीत कूळ आणि मजूर पिचलेले होते. पण तलावाची देखभाल कोणी करायची, याचा विचार त्या वेळी झाला नाही. गावकऱ्यांना निस्तार हक्काने, म्हणजे वापराच्या परंपरागत हक्काने, फुकट मिळणाऱ्या पाण्यावर सरकारने पट्टी मागितली, त्यावरून वाद झाले. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे आणि मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे अशी वाटणी झाली. गाळ काढायचा, पाळीची भगदाडे बुजवायची, तुडुम दुरुस्त करायचे ही कामे मात्र कोणाचीच राहिली नाहीत. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार तलाव मोजले गेले आहेत. त्यांतील कितीतरी आज गाळाने, बेशरमीच्या झुडपांनी आणि अतिक्रमणाने भरले आहेत.

तलावाचे दुसरे हक्कदार ढिवर. मासे धरणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. मरळीसारखे देशी मासे आणि तलावात आपोआप उगवणारे देवधान त्यांना ठाऊक असते. देवधान म्हणजे न पेरता उगवणारा रानभात, ऋषिपंचमीला याचाच भात खातात. रानात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोसे वाढवण्याचे कामही ढिवर करतात. भंडारा-गोंदियातील काही ढिवर संस्थांनी अलीकडे बेशरमी उपटून तलावात देशी वनस्पती लावल्या आणि मासळी परत आणली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने या कामाला अभ्यासाची जोड दिली. तलावाविषयी शासकीय योजना आखणाऱ्यांनी गाळाच्या घनमीटरांइतकेच या ज्ञानाकडेही पाहायला हवे.

लोक : कुणबी, पोवार, कोहळी, तेली, बौद्ध, ढिवर, गोंड, हलबा, कलार, लोधी, कोष्टी, गोवारी असे अनेक समाज येथे राहतात. पोवार आपले मूळ माळव्यात सांगतात आणि घरात पोवारी बोलतात. तुमसरच्या बाजूला हिंदीचा वावर मोठा आहे. बाकी जिल्ह्यात झाडीबोली ही मराठीची बोली चालते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दसंग्रह आणि येथील लोककलांचा अभ्यास करण्यात आयुष्य घातले. त्यांच्या चळवळीतूनच झाडीबोलीत लिहिणाऱ्यांना संमेलन आणि व्यासपीठ मिळाले.

वर्षाचे चक्र भाताभोवती फिरते. मृगात परे (रोपे) टाकायचे, आषाढात चिखल करून रोवणी करायची. रोवणीला बायांच्या टोळ्या गावोगाव जातात, आणि दिवसभर वाकून पाण्यात उभे राहण्याचे हे कष्ट जवळजवळ सर्वस्वी त्यांच्याच वाट्याला येतात. कापलेल्या धानाची पुंजणी शेतात रचतात, मग चुरणी (मळणी) होते. उभ्या धानात शेवटच्या ओलीवर लाखोळी फेकतात, ती दुसरे पीक म्हणून हाती येते. सुवासिक चिन्नोर तांदळाला भंडाऱ्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तुमसर ही तांदळाची मोठी बाजारपेठ आहे.

धान घरात आले की मंडई सुरू होते. दिवाळीच्या भाऊबिजेपासून गावोगाव मंडया भरतात. दिवसा बाजार, दंडार किंवा खडी गंमत ही लोकनाट्ये आणि रात्री नाटक. लेकीबाळी माहेरी येतात, घराघरात पाहुणे असतात. झाडीपट्टी रंगभूमी म्हणतात ती हीच. मंडपात रात्रभर चालणारी, तिकीट काढून हजारो माणसे पाहतात अशी ही नाटके कोणत्याही अनुदानावर उभी नाहीत. कंपन्यांचे केंद्र शेजारच्या वडसा (देसाईगंज) येथे असले तरी प्रेक्षक आणि कलावंत यांत भंडाऱ्याचा वाटा मोठा आहे. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती हे या नाटकांचे जुने निमित्त. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातल्यावर अनेक गावांतील पट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर ते पुन्हा भरू लागले.

इतिहास : वैनगंगेकाठचे पवनी हे जिल्ह्यातील सर्वांत प्राचीन नगर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर टेकडी येथे मौर्य-शुंग काळातील दोन स्तूप सापडले. जगन्नाथ टेकडीचा स्तूप व्यासाने सांचीच्या महास्तूपापेक्षाही मोठा आहे. दान देणाऱ्या उपासकांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेले स्तंभ, मुचलिंद नागाचे शिल्प, भार वंशातील भगदत्त राजाचा लेख आणि महाक्षत्रप रूपिअम्माचा लेख हे पवनीचे मोठे ऐवज. सांची पाहायला जाणाऱ्या मराठी माणसांपैकी फार थोड्यांना आपल्याच राज्यातील या स्तूपाची माहिती असते. जवळच रुयाड येथे जपानी बौद्धांच्या सहकार्याने नवा महास्तूप उभा राहिला आहे. हिंदू यात्रेकरू पवनीला विदर्भाची काशी मानतात.

देवगडच्या गोंड राजांनंतर अठराव्या शतकाच्या मध्यास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. तुमसर तालुक्यातील आंबागड किल्ला बख्त बुलंदच्या काळातला. भोसल्यांनी तो कैदखाना म्हणून वापरला. १८५४ मध्ये नागपूर संस्थान खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तुमसरला आंदोलकांवर गोळीबार झाला. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

१९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भंडारा मतदारसंघातील राखीव जागेसाठी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. ही त्यांची शेवटची निवडणूक. त्याच वेळी सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. दोन वर्षांनी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेत येथील खेड्यापाड्यांतून माणसे गेली. त्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. जमिनीचा वाद आणि जातिद्वेष यांतून घडलेल्या या अत्याचाराने महाराष्ट्र पेटून उठला. २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. जिल्ह्याच्या इतिहासातून ही नोंद वगळणे अप्रामाणिक ठरेल.

गोसेखुर्द : पवनीजवळ वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा अंदाज असलेला हा प्रकल्प पुढे हजारो कोटींवर गेला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट, त्यासाठी बुडालेली गावे, पुनर्वसनाची वर्षानुवर्षे चाललेली आंदोलने आणि कालव्यांच्या कामांतील गैरव्यवहाराच्या चौकश्या अशी त्याची कहाणी आहे. नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांतून याच जलाशयात येते. त्याचा त्रास सर्वांत आधी नदीकाठच्या मासेमारांना झाला.

उद्योग व स्थळे : भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होते, स्टीलने तो व्यवसाय आटला. मोहाडी, आंधळगाव व पवनी भागांत कोष्टी विणकर टसरचे कापड आणि करवतकाठी साड्या विणतात. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मॉइलच्या मँगनीजच्या खाणी, जवाहरनगरला आयुध निर्माणी, वरठीला पोलाद कारखाना. वरठी हेच मुंबई-हावडा मार्गावरील भंडारा रोड स्थानक. चांदपूरचा तलाव व हनुमान मंदिर, महाशिवरात्रीची गायमुख यात्रा, सानगडीचा किल्ला, भंडाऱ्याचा खांब तलाव आणि कोका अभयारण्य ही अन्य प्रेक्षणीय स्थळे आहेत.