बडोद्याचे तळे आणि होडीचा कागद

२०१८ च्या फेब्रुवारीत ९१ व्या साहित्य संमेलनासाठी बडोद्याला गेलो होतो. सयाजीराव महाराजांचे शहर पाहायची जुनी हौस होती. संध्याकाळी सूरसागरच्या काठावर बसलो असता एका मराठी आजोबांनी सांगितले, "१९९३ साली याच तळ्यात होडी उलटून २२ माणसे गेली." मी ऐकले, हळहळलो आणि विसरलो.

१८ जानेवारी २०२४ ला त्याच शहरातल्या हरणी तलावात सहलीची होडी उलटली. १२ शाळकरी मुले आणि २ शिक्षिका बुडून गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्या मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकीटही नव्हते. बातमी वाचली आणि ते आजोबा आठवले.

होडीला कागद लागतो, हे आपल्या गोव्याला नवे नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' सुरू केला. तांडेल कोण, गलबत कुठले, जाणार कुठे, हत्यारे किती, हे सगळे त्यात लिहिलेले असे. कार्ताझ नसला की गलबत जप्त. पुढे आंग्र्यांनीही आपली दस्तके चालवली. पण हे कागद होते सत्तेसाठी आणि जकातीसाठी. आत बसलेल्या माणसाच्या जिवाशी त्यांचा संबंध नव्हता.

तो संबंध आपल्या नद्या-तळ्यांसाठी १९१७ च्या कायद्याने जोडला. त्यात दोन वेगळे दाखले होते. नोंदणीचा दाखला सांगतो होडी कोणाची. तपासणीचा दाखला सांगतो ती पाण्यात घालण्यालायक आहे का आणि तिच्यात किती उतारू बसवायचे. हा कायदा यंत्रावर चालणाऱ्या होड्यांपुरता होता. २०२१ च्या नव्या कायद्याने बिनयंत्राच्या होड्यांच्या स्थानिक नोंदणीचीही तरतूद केली. म्हणजे हरणीच्या आधी कायदा नव्हता, असे म्हणता येत नाही.

मी स्वतः सरकारी कारकून. पहिल्या दाखल्याचे काम टेबलावर बसून होते, मालकीची कागदपत्रे पाहिली की शिक्का मारता येतो. दुसऱ्यासाठी मात्र उठून पाण्यापर्यंत जावे लागते, होडीत पाय ठेवावा लागतो, जाकिटे मोजावी लागतात. आणि ही मोजणी एकदा करून भागत नाही. आमच्या धंद्यात "जागेवर पाहणी केली" हे वाक्य जागेवर न जाताही लिहिले जाते. मीही एकदा लिहिले आहे. नुकसान कोणाचे झाले नाही, ते नशीब.

आता मांडवीच्या धक्क्यावर पाहुण्यांना घेऊन गेलो की आधी उताऱ्यांची संख्या कुठे लिहिली आहे ते शोधतो, मग माणसे मोजतो. घरचे हसतात. हसू देत. तुम्हीही मोजा.