सरांच्या पार्करची किंमत

आठवी 'ब'मधल्या सगळ्यांना सरांच्या खिशातलं काळं पार्कर आठवत असेल. आपल्याकडे असायचं शांघायचं हीरो. दोन्ही दिसायला सारखीच, कारण निब झाकून फक्त टोक बाहेर ठेवायची ती घडण हीरोने पार्करचीच उचलली होती. सर गेल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या मुलीने ते पेन माझ्याकडे पाठवलं. "विकलं तर किती येतील?" मी सॉफ्टवेअरवाली, म्हणजे मला सगळं ठाऊक असणार!

पेन निघालं 'पार्कर ५१'. अमेरिकेतल्या जेन्सव्हिलच्या पार्कर कंपनीचं १९३९ हे ५१वं वर्ष, त्यावरून हे नाव. बाजारात ते आलं १९४१ साली. कंपनीची झटपट वाळणारी शाई इतकी जहाल, की साधं प्लॅस्टिक खाऊन टाकायची. म्हणून पेनाचं अंग ल्युसाइटचं केलं.

मला वाटायचं, जितकं जुनं तितकं महाग. तसं नसतं. सुरुवातीच्या व्हॅक्युमॅटिक पेनात शाई ओढायला रबरी पडदा असे. तो वर्षांनी कडक होऊन फाटतो आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा होतो. १९४८पासूनच्या एरोमेट्रिकमध्ये दाबायची पिशवी प्लॅस्टिकची. त्यातल्या कित्येक आजही शाई ओढतात. सरांचं पेन त्यातलंच. मधल्या १९४६-४७मध्ये बटण दाबून शाई भरायचं 'रेड बँड' निघालं होतं. ती रचना फसली आणि कंपनीने गुंडाळली. थोडीच बनली, म्हणून आज संग्राहक तिच्याच मागे! आमच्या फसलेल्या कोडला असा भाव कधी आलेला नाही.

रंगाचंही तेच. जांभळट 'प्लम' थोडा काळच निघाला, म्हणून महाग. काळं अंग आणि स्टीलचं टोपण मात्र चिक्कार बनलं. सरांचं नेमकं तेच.

शिवाय त्यावर सरांचं नाव कोरलेलं. मालक प्रसिद्ध असेल तर नावाने भाव चढतो. नसेल तर ते नाव म्हणजे दोष. एका विक्रेत्याने घासून काढायचं सुचवलं. पण घासताना कंपनीची अक्षरंही पुसट होतात आणि किंमत आणखी उतरते. निब सरांच्या हाताच्या कलाने झिजलेली, तेही वजाच. हिशेब करताना मला पहिल्यांदा कळलं, की आपण ज्यामुळे ते पेन ओळखत होतो, ते सगळं वजाबाकीच्या रकान्यात जात होतं.

मी मुलीला आकडा सांगितला. फार नव्हता. "नाव घासायचं का?" असं तिनेच विचारलं, आणि मग तिनेच "नको" म्हटलं.

मेळाव्याच्या दिवशी पेन हजेरीच्या वहीपाशी ठेवणार आहोत, शाई भरून. सह्या त्यानेच करा. निब जरा डावीकडे कलती धरा, नाहीतर उठत नाही.