खेळण्यांच्या गावाला : सचिन ते सावंतवाडी

‘सचिन’ हे आमच्या गावाचे नाव आहे म्हटले की महाराष्ट्रातून आलेले पाहुणे हसतात. क्रिकेटपटूचे नाव गावाला कधी दिले, असे विचारणारेही भेटले आहेत. मुंबईहून सुरतेकडे येताना नवसारी मागे पडली की सचिनचे स्थानक लागते. आज हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते औद्योगिक वसाहतीमुळे. परंतु एके काळी येथे एक छोटे संस्थान होते, आणि त्या संस्थानाचा जन्म कोकणातल्या एका भांडणातून झाला. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यात गादीचा तंटा लागला. हक्क हिरावला गेलेला बाळू मियाँ पेशव्यांच्या आश्रयाला आला. १७९१ साली त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि त्या बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख पदरात पाडून घेतला. जंजिरा पेशव्यांच्या हाती शेवटपर्यंत आला नाही; सचिनचे नवाब मात्र १९४८ पर्यंत येथे नांदले.

तात्पर्य, कोकणातून आलेला माणूस या भूमीला नवा नाही. आजची येथील मराठी वस्ती प्रामुख्याने खानदेशातून आलेली. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून माग आणि गिरण्यांच्या मागोमाग आलेली. तरी मधूनमधून एखादे कोकणी घर असतेच, आणि अशा घरात गेले की दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात बहुधा एक टोपली दिसते. तीत आंबा, केळे, सीताफळ, डाळिंब, अननस. सगळे लाकडाचे, पण असे हुबेहूब की हात आपोआप पुढे जावा. ही सावंतवाडीची फळे. प्रस्तुत लेखक या फळांचा जुना चाहता आहे. ज्याच्या हातून अशी वस्तू उतरते त्याचे गाव एकदा पाहावे, ही इच्छा पुष्कळ वर्षांची होती. ती गेल्या दिवाळीच्या सुटीत पुरी झाली.

जगात खेळणी करणाऱ्याच्या गावाला चाहत्यांनी जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. डेन्मार्कमधील बिलुंड हे असेच एक गाव. तेथे ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाचा सुतार होता. १९३२ च्या मंदीत घरबांधणीची कामे मिळेनाशी झाली, तेव्हा तो लाकडी खेळणी करू लागला. १९३४ साली त्याने आपल्या मालाला ‘लेगो’ हे नाव दिले. १९४९ पासून एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे निघाले. १९६० साली लाकडी खेळण्यांचे कोठार आगीत जळाले आणि कारखान्याने लाकूड कायमचे सोडले. १९६८ मध्ये तेथे ‘लेगोलँड’ हे खेळनगर उभे राहिले. आज त्या गावाला विमानतळ आहे, संग्रहालय आहे, आणि सुताराचे नाव लहान मुलांच्या पुस्तकांत आहे.

आपल्याकडील खेळण्यांच्या गावाला निघालो की पहिली अडचण येथेच येते. चाहत्याने कोणाचे घर विचारायचे?

सुरतेहून वसई-पनवेल मार्गे कोकण रेल्वेला लागले की सावंतवाडीचा प्रवास आता सोपा आहे. १९९८ साली ही रेल्वे पूर्ण झाली, त्यापूर्वी तो एक संकल्पच असे. स्थानक गावापासून जरा दूर आहे. गावात शिरले की मोती तलाव, त्याच्या काठी भोसल्यांचा राजवाडा, आणि जवळच बाजारपेठेत चितारआळी. आळी म्हटली तरी आज ती दुकानांची रांग आहे. दारांवर टांगलेली चिमणाळी, रंगीत पाट, पोळपाट-लाटणी, भोवरे, बाहुल्या, बैलगाड्या, देव्हारे, आणि फळांच्या टोपल्या. ‘चितारआळी’ या नावातच सगळा इतिहास आहे. खेळणी घडवणाऱ्या व रंगवणाऱ्या चिताऱ्यांची ही आळी. बिलुंडला सुताराचे नाव राहिले. सावंतवाडीला आळीचे राहिले. चितारी कोण, कोणत्या पिढीतला, पहिला आंबा कोणी घडवला, हे कोठेही लिहिलेले नाही.

वाडीच्या राजांची नावे मात्र आपल्याला पाठ आहेत. त्यांतील तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५ ते १८०३) हे विद्वानांचे चाहते होते. धर्मचर्चेसाठी दरबारी येणाऱ्या तेलंगी ब्राह्मणांनी गंजिफा हा पत्त्यांचा खेळ आणला आणि राजांनी तो चिताऱ्यांकडून करवून घेतला, असे सांगितले जाते. गंजिफाचे पत्ते गोल असतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची १२ पाने, अशी १२० पाने होतात. या दरबारी कामाने चिताऱ्यांच्या हाताला बारीक रेघेचे वळण मिळाले असावे, असे फळांवरचे रंगकाम पाहताना वाटते. सीताफळाच्या डोळ्यांमधील ती करडी-हिरवी छटा काही बाजारू हाताची नव्हे. आणि गणेशचतुर्थीला गणपतीच्या माथ्यावर खऱ्या फळांची माटवी बांधणाऱ्या मुलुखात लाकडी फळांनी मूळ धरावे, हेही ओघानेच आले.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. दरबारचे गिऱ्हाईक गेले, छापील पत्ते स्वस्त झाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी गंजिफा जाणणारे वृद्ध पुंडलिक चितारी हे जवळजवळ एकटेच उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती कला शिकून घेतली, तरुणांना शिकवली आणि ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही संस्था राजवाड्यातच चालवली. आपल्यासारख्या गुजरातेतील मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे असे यात एक आहे. सत्त्वशीलादेवींचे माहेर बडोद्याचे गायकवाड घराणे. २०१८ साली त्या निवर्तल्या, परंतु राजवाड्याच्या दालनात बसून रंगकाम करणारे कारागीर आजही पाहायला मिळतात. गेल्या अडीचशे वर्षांत ठळकपणे पुढे आलेले कारागिराचे नाव ते हे एक पुंडलिक चितारींचे, आणि तेही गंजिफासाठी, खेळण्यांसाठी नव्हे.

बडोद्याचा विषय निघाला म्हणून आपल्या बाजूच्या एका गावाचा उल्लेख केला पाहिजे. ओरसंग नदीकाठचे संखेडा पूर्वी गायकवाडी राज्यात होते. आज ते छोटाउदेपूर जिल्ह्यात आहे. सुरत-नवसारीकडील किती तरी घरांत संखेड्याचा हिंचको किंवा बाळाचे घोडियुं आहे. तेथील कारागीर खरादी म्हणवतात. मराठीत अशा कामगाराला कातारी म्हणत. दोन्ही ठिकाणचा मूळ मंत्र एकच. लाकूड लेथवर फिरते ठेवायचे, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने घोटून चकाकी आणायची. लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर जगणाऱ्या एका किड्याची देणगी. संखेड्याच्या कामात कथलाचा मुलामा लावून नक्षी काढतात, आणि वरच्या रोगणामुळे ते कथील सोन्यासारखे दिसते. वाडीच्या फळांची गोष्ट वेगळी. लाटणे, भोवरा लेथवर उतरतात. पण फणस किंवा सीताफळ गोल फिरवून होत नाही, त्याला पटाशी, कानस आणि डोळा लागतो.

लाकूड तरी कोणते? जुने कारागीर पांगाऱ्याचे लाकूड वापरत. लाल फुलांचा हा पांगारा कोकणात मिरवेलीला आधार म्हणून लावतात. लाकूड हलके, मऊ, कोरायला सोपे आणि लहान मुलाच्या हाताला न जड होणारे. तो पुरेसा मिळेनासा झाला आणि आंबा, शिवण असे दुसरे लाकूड आले. लाखेबरोबर बाजारातील तयार रंग आले. राजाच्या जागी गोव्याला जाणारा पर्यटक गिऱ्हाईक म्हणून आला. या सर्व बदलांत धंदा तगला, हे मान्य केले पाहिजे. ज्या धंद्याला नवे गिऱ्हाईक सापडते तोच टिकतो.

परंतु एक गिऱ्हाईक मात्र हळूहळू निघून गेले, आणि ते म्हणजे मूल. चितारआळीत दोन दिवस दुकानोदुकानी बसलो. मोठी माणसे येत, टोपली निवडत, “शोकेससाठी हवी” असे सांगत. शेजारी उभ्या असलेल्या मुलाने आंबा उचलला की “ठेव, पडेल” असा आवाज येई. भोवरा मागणारे मूल मला एकच दिसले. एका वयस्क कारागिराला याविषयी विचारले. ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, फळ पडले तर टवका उडेल, मी रंगवून देईन. पण कपाटात ठेवलेले फळ माझ्याकडे कधी परत येत नाही.”

या वाक्यात धंद्याचा हिशेबही आहे. खेळातली वस्तू झिजते, मोडते, हरवते. म्हणून दुसरी घेतली जाते, आणि दुसरी घेतली जाते म्हणून कारागिराचा मुलगा तेच काम शिकतो. शोभेची वस्तू घरात एकदाच येते.

लाकडी खेळणे महाग आणि प्लास्टिकचे स्वस्त, ही पालकांची तक्रार खोटी नाही. सचिनच्या वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या बापाला दोघांतील फरक लगेच कळतो. पण स्वस्ताईची दुसरी बाजूही जगाने पाहिली आहे. २००७ साली मॅटेल या अमेरिकी कंपनीला चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी परत मागवावी लागली, कारण त्यांच्या रंगात शिसे निघाले. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट मिळाली. ही सूट योग्यच, परंतु तिने जबाबदारी आपल्यावर येते. तान्ह्या मुलासाठी घेताना रंग लाखेचा आहे की डब्यातला, हे दुकानात विचारावे. प्रामाणिक कारागीर सरळ सांगतो.

वाडीहून आणलेली एक टोपली आता आमच्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात आहे. कपाटात नव्हे, जमिनीवर. आमची मुले घरी अहिराणी किंवा मराठी बोलतात आणि रस्त्यावर गुजराती. पेरू उचलला की एक म्हणतो पेरू, दुसरी म्हणते जामफळ. डाळिंबाला दाडम, कलिंगडाला तरबूच, पपईला पपैयुं. सीताफळ आणि लिंबू यांच्यावर मात्र सर्वांचे एकमत होते. आपल्या घरचा शब्द चुकीचा नाही, शेजाऱ्याचाही नाही, हे सांगायला मला आजवर कोणतेही पाठ्यपुस्तक इतके उपयोगी पडले नव्हते. सहा महिन्यांत दोन फळांचा रंग गेला आणि अननसाचा शेंडा तुटला. तसे झाले म्हणूनच टोपली आणल्याचे सार्थक झाले, असे मी समजतो.

द्विभाषिक जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. घरची भाषाही अनेक घरांत अशीच जपून ठेवली जाते. सणावारी बाहेर काढायची, पाहुण्यांना दाखवायची. मुलाच्या तोंडात ती मोडेल, तिच्यात गुजराती, हिंदी, कानडी मिसळेल, या भीतीने आपण त्याला सारखे थांबवतो. थांबवलेले मूल मग दुसरी भाषा उचलते, जशी ते प्लास्टिकची मोटार उचलते.

राहिला प्रश्न नावाचा. राजवाड्यातील कागदपत्रांत चिताऱ्यांची नावे कधी कोणी शोधील तेव्हा शोधील. १८८० च्या इंग्रजी गॅझेटियरात रत्नागिरीबरोबर सावंतवाडीचा भाग आहे, पण तोही धंद्याची नोंद घेणारा, माणसाची नव्हे. आपल्या हाती आहे ते एवढेच : वाडीला असो, संखेड्याला असो की आपल्या बाजारात पोळ्याचे मातीचे बैल विकायला बसलेल्या कुंभाराकडे असो, वस्तू घेताना “ही कोणी केली?” असे विचारावे आणि ते नाव पेन्सिलीने वस्तूच्या तळाशी लिहून ठेवावे. मी तसे विचारले तेव्हा दुकानदार प्रथम गोंधळला, मग त्याने आत हाक मारली, आणि एक बाई हात पुसत बाहेर आल्या. सीताफळ त्यांनी रंगवले होते. आमच्या टोपलीतील सीताफळाच्या तळाशी त्यांचे नाव आहे, आणि पहिलीतील मुले ते अक्षर लावून वाचतात.