१९७७ चा कौल आणि नंतरचा हिशेब

मार्च १९७७ चा निकाल लागला तेव्हा जिंकलेल्यांनाही क्षणभर खरे वाटले नसेल. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. उत्तरेतला मुसलमानही या वेळी काँग्रेसपासून फिरला. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटला घरांवर बुलडोझर चालले, गोळीबार झाला. नसबंदीची सक्ती तर गावोगाव पोहोचली होती. आपल्या महाराष्ट्रात सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच विधिमंडळाने संमत केले होते.

या मतदाराचे मागणे मोठे नव्हते. इज्जत राहावी, जीव सुरक्षित असावा, चूल पेटावी. जनता सरकारने काहीच दिले नाही असे आम्ही म्हणणार नाही. सक्ती थांबली. १९७८ मध्ये अल्पसंख्याक आयोग आला (त्याला कायद्याचा आधार मिळायला १९९२ उजाडले, ही गोष्ट वेगळी). ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणी लादणे अवघड केले. पण घटनादुरुस्ती मोहल्ल्यात दिसत नाही. एप्रिल १९७९ मध्ये जमशेदपूर पेटले, ते दिसले. महागाई दिसली. मोरारजी आणि चरणसिंग यांची खुर्चीसाठीची ओढाताण तर सगळ्या देशाने पाहिली.

जानेवारी १९८० मध्ये काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २० वरून ३९. मतदार आणीबाणी विसरला, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. आम्हांला तो पटत नाही. तुर्कमान गेट त्याच्या लक्षात होते. त्याच्या हिशेबात आता जमशेदपूरचीही भर पडली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ऐन ईदच्या दिवशी, मुरादाबादच्या ईदगाहवर पोलिसांनी गोळीबार केला.