परदेशस्थ विद्यार्थ्यांची वसति : मगधांतील कांहीं पुरावे

समुद्रगुप्ताच्या काळीं सिंहलद्वीपाहून दोन भिक्षु बोधगयेस आले. वज्रासनाचें दर्शन घडलें, परंतु उतरावयास कोणी जागा देईना. ते परत गेले व त्यांनीं आपल्या राजापाशीं गाऱ्हाणें केलें कीं, एवढ्या मोठ्या क्षेत्रीं आम्हांस पथारी टाकण्यापुरताही ठाव मिळाला नाहीं. तेव्हां राजा मेघवर्ण यानें समुद्रगुप्ताकडे रत्नांचा नजराणा पाठविला व बोधिवृक्षाजवळ आपल्या देशच्या लोकांसाठीं विहार बांधण्याची अनुज्ञा मिळविली. ही हकीकत सातव्या शतकांतील चिनी वकील वांग ह्युएन-त्से यानें लिहून ठेविली होती; ती सिल्व्हँ लेव्ही यांनीं १९०० सालीं पुढें आणली. राजकीय इतिहास लिहिणारांनीं तिचा उपयोग समुद्रगुप्त व सिंहल यांचा समकालीनपणा ठरविण्यासाठीं केला, आणि तो योग्यच आहे. पण सर्व आयुष्य शाळेंत घालविलेल्या मजसारख्याचें लक्ष प्रथम जातें तें त्या गाऱ्हाण्याकडे. मुलास परगांवीं शिकावयास पाठवितांना घरचीं वडील माणसें अभ्यासक्रमाची चौकशी मागाहून करतात. राहावयाचें कोठें व जेवावयाचें कोठें हें आधीं विचारतात.

नालंदेविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत तेथील आचार्यांची नांवें, ग्रंथसंग्रह व अखेरचा विध्वंस हीं प्रकरणें ठरलेलीं असतात. परदेशचा विद्यार्थी तेथवर पोहोंचल्यावर त्याला निजावयास खोली कोणी दिली, ती कोणत्या हक्कानें दिली आणि त्याच्या पानांत भात कोणत्या गांवच्या उत्पन्नांतून पडला, याचा विचार क्वचित् होतो. या प्रश्नांचीं उत्तरें मात्र साधनांत आहेत, आणि माझ्या मतें त्यांवरूनच या विद्यापीठांचें बळ नीट कळतें.

प्रथम दाराशींच थांबूं. नालंदेच्या द्वारपालाकडून प्रश्न होत, व बाहेरून वादासाठीं आलेल्या दहांपैकीं सात-आठ जण निरुत्तर होऊन परतत, असें ह्युएन-त्संग सांगतो. आंत गेल्यावरही सर्व सारखे नव्हते. त्याच्या चरित्रांत प्रतवारी दिली आहे ती अशी : वीस ग्रंथांचें विवरण करूं शकणारे १०००, तीस ग्रंथांचें करणारे ५००, पन्नासांचें करणारे स्वतः ह्युएन-त्संग धरून १०, आणि सर्वच ग्रंथ अवगत असलेले एकटे आचार्य शीलभद्र. त्याच चरित्रांत दुसऱ्या ठिकाणीं म्हटलें आहे कीं, ह्युएन-त्संगास मिळे तसा विशेष शिधा नालंदेंत एकंदर दहा जणांसच मिळत असे. पन्नास ग्रंथांचे अधिकारी दहा आणि विशेष शिध्याचे मानकरी दहा, हा मेळ मला केवळ योगायोग वाटत नाहीं. हीं दोन विधानें चरित्रकारानें एकत्र जोडलेलीं नाहींत, म्हणून अनुमानापलीकडे मी जात नाहीं. परंतु विद्वत्तेची पायरी आणि कोठाराची पायरी एकच असावी, असें मानण्यास हा आधार पुरेसा आहे.

या शिध्याच्या यादींत एक लहानशी पण मौजेची चूक शिरली आहे. बील यांच्या इंग्रजी भाषांतरांत ह्युएन-त्संगास रोज १२० जम्बीर, म्हणजे लिंबें, मिळत असें आहे, व पुढें अनेकांनीं तेंच उतरून घेतलें. एका भिक्षूनें रोज १२० लिंबें काय करावयाचीं? मूळ चिनी अक्षरांचा उच्चार जम्बीराशीं नव्हे, 'ताम्बूल' शब्दाशीं जुळतो. यादींतील पुढचे जिन्नस पाहावे : सुपाऱ्या २०, जायफळें (कोणी वेलदोडे म्हणतात) २०, आणि कापूर. पानसुपारीचें तबक ज्यानें घरांत पाहिलें आहे अशा कोणाही मराठी माणसास येथें भाषांतरकारापेक्षां लवकर उलगडा व्हावा. लिंबें नव्हेत, विड्याचीं पानें! त्यांसह महाशालि तांदूळ रोज मापानें मिळे, दिव्यासाठीं तेल महिन्याच्या महिन्यास मिळे, आणि लोणी-दूध लागेल तसें. हा तांदूळ फक्त मगधांत पिके, काळ्या घेवड्याच्या दाण्याएवढा व सुवासिक असे, आणि तो राजे व थोर पंडित यांनाच देत, असें वर्णन आहे. सेवेस एक उपासक व एक ब्राह्मण असत, आणि बाहेर जाण्यास हत्ती.

राहण्याची सोयही पायरीपायरीनें झाली. आरंभीं सात दिवस बालादित्यानें बांधलेल्या विहारांत वृद्ध बुद्धभद्राच्या घरीं त्याचा पाहुणचार झाला. मग स्वतंत्र निवास मिळाला. परंतु हा मान एका असामान्य पुरुषाचा होय. सामान्य विद्यार्थ्याची स्थिति जाणून घेण्यास इ-त्सिंगकडे गेलें पाहिजे. तो इ. स. ६७१ त कँटनहून निघाला, ६७३ त ताम्रलिप्तीस उतरला व पुढें सुमारें दहा वर्षें नालंदेंत राहिला. त्याचा वृत्तांत ताकाकुसू यांनीं १८९६ सालीं इंग्रजींत आणला.

इ-त्सिंग खोल्यांच्या वाटपाचा नियम देतो. वर्षावास सुरू होण्यापूर्वीं दरवर्षीं संघ खोल्या नव्यानें वांटून देई; उत्तम खोल्या स्थविरांस, व मग वयोमानानें खालीं. कोणाचीही खोली कायमची नाहीं. यामुळें ममत्व सुटतें, असा त्याचा अभिप्राय आहे. इमारती तीन मजली, खोली सुमारें दहा फूट लांबरुंद, दारास पडदा लावण्यास मनाई, व चारी बाजूंच्या खोल्या अंगणाकडे तोंड करून, कीं प्रत्येकाचें वर्तन इतरांच्या दृष्टीस पडावें. उत्खननांत सांपडलेले विहार या वर्णनाशीं बरेचसे जुळतात : मधें अंगण, भोंवतीं खोल्या, कांहीं खोल्यांत निजण्याचे बांधीव ओटे, आणि भिंतींत कोनाडे. त्या कोनाड्यांत पोथी ठेवीत कीं दिवा, हें वाचकांनीं आपल्या घरच्या देवळीवरून ठरवावें.

संख्येविषयीं मात्र दोन्ही यात्रेकरूंत मेळ नाहीं. ह्युएन-त्संगाचा चरित्रकार दहा हजार म्हणतो. इ-त्सिंग तीन हजारांवर म्हणतो, आठ दालनें व तीनशें खोल्या सांगतो. मला इ-त्सिंगचा आंकडा अधिक विश्वसनीय वाटतो. तो तेथें दहा वर्षें राहिला होता व खोल्या मोजणारा होता. चरित्रकार चीनमध्यें बसून गुरूचा गौरव लिहीत होता. तीनशें खोल्यांत तीन हजार म्हणजे खोलीस दहा, हीही अडचणच आहे, आणि ती एका खोलींत अनेकांनीं राहून किंवा जवळच्या विहारांत पसरून सुटत असावी. उत्पन्नाविषयीं चरित्रकार शंभर गांवें सांगतो, इ-त्सिंग दोनशेंहून अधिक. येथें फरक असला तरी तो मधल्या काळांत नवीं दानें आल्याचाही असूं शकेल.

भिक्षु नसलेल्या विद्यार्थ्यांची वाट निराळी होती. इ-त्सिंग त्यांचे दोन वर्ग देतो : पुढें प्रव्रज्या घेण्याच्या इच्छेनें बौद्ध ग्रंथ शिकणारे 'माणव', आणि केवळ लौकिक विद्या शिकणारे 'ब्रह्मचारी'. दोघांनींही आपल्या खर्चानें राहावें. संघाच्या अक्षयनिधींतून त्यांस अन्न देणें निषिद्ध, मात्र त्यांनीं संघाचें कांहीं काम केलें असल्यास तेवढ्यापुरतें द्यावें. वार लावून किंवा माधुकरी मागून शिकलेल्यांच्या कथा ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांस या नियमाची धार समजेल.

जातां जातां एका शब्दाची नोंद करतों. ताम्रलिप्तीच्या विहारांत जो भिक्षु संघाची संमति न घेतां स्वतःच्या मर्जीनें कोणास अनुकूल वा प्रतिकूल वागवी, त्यास 'कुलपति' म्हणून बाहेर काढीत, असें इ-त्सिंग सांगतो. म्हणजे गृहस्थासारखा वागला, हा दोष. आज आपल्या विद्यापीठांत हाच शब्द सर्वोच्च पदास लावला जातो. शब्दांचीं भाग्यें!

परदेशीं शिकावयास जाण्याची तयारी कोठें करावी, याविषयींही इ-त्सिंगचा सल्ला स्पष्ट आहे. चिनी भिक्षूनें थेट भारतांत जाऊं नये. श्रीविजयांत, म्हणजे सुमात्रा बेटांत, हजारावर भिक्षु भारतासारख्याच पद्धतीनें शिकतात, तेथें एक-दोन वर्षें राहून मग पुढें जावें. स्वतः त्यानें तेथें सहा महिने शब्दविद्या केली होती, व पुढें ताम्रलिप्तीस वर्षभर संस्कृत केलें. मार्गाचे धोकेही तो जाणून होता. नालंदेकडे जातांना आजारामुळें तो सोबत्यांच्या मागें पडला, चोरांनीं वस्त्रेंसुद्धां हिरावून घेतलीं. गोऱ्या माणसास धरून बळी देतात अशी वार्ता असल्यानें त्यानें अंगास चिखल फांसला, पानें पांघरलीं आणि रात्रीं उशिरां सोबत्यांस गांठलें.

या सर्वांत त्याची एक व्यथा वारंवार उमटते. तुखार, कपिश, सिंहल या देशांच्या लोकांस मध्यदेशांत आपआपले विहार होते. त्यांचे भिक्षु आले कीं तेथें यजमान म्हणून राहात. चीनचा मात्र एकही नव्हता. पूर्वीं एक होता. मृगशिखावनाजवळ विटांचा पाया तेवढा उरलेल्या एका जागेस लोक चीनविहार म्हणत. परंपरा अशी कीं, सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं सेचुआनच्या वाटेनें वीसएक चिनी भिक्षु महाबोधीच्या दर्शनास आले, तेव्हां श्रीगुप्त नांवाच्या महाराजानें त्यांना ही जागा व चोवीस गांवें दिलीं. पुढें ते भिक्षु मरून गेले, नवे आले नाहींत, गांवें इतरांकडे गेलीं. इ-त्सिंगच्या वेळीं तीन गांवें मृगवनविहाराकडे राहिलीं होतीं. पूर्वेचा राजा देववर्मा म्हणे कीं, चीनहून कांहीं भिक्षु आले तर मी विहार पुन्हां उभारीन व गांवें परत देईन.

हा श्रीगुप्त म्हणजे गुप्तवंशाचा मूळपुरुषच काय, यावर बराच वाद झालेला आहे. पांचशें वर्षें अक्षरशः धरल्यास काल जमत नाहीं. ऐकीव परंपरा म्हणून सैल धरल्यास जमतो. स्थळाविषयीं केंब्रिज येथील इ. स. १०१५ च्या सचित्र प्रज्ञापारमिता पोथीचा पुरावा मोलाचा ठरला आहे : तींतील एका चित्राखालीं मृगस्थापन स्तूप वरेंद्रांत असल्याचें लिहिलें आहे. पोथ्यांतील चित्रांखालचीं बारीक अक्षरें सोडून देणाऱ्या संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें. आपल्या विषयापुरतें मात्र एवढेंच महत्त्वाचें कीं, चोवीस गांवांचें दान एका देशच्या माणसांच्या येण्यावर टांगलेलें होतें. माणसें येईनाशीं झालीं व दान विरलें. सिंहलविहाराचें तसें झालें नाहीं. त्यांच्या राजानें तेथें ताम्रपट लावून आपल्या भिक्षूंचे हक्क नोंदवून ठेविले, असें ह्युएन-त्संग सांगतो, आणि त्याच्या काळींही तेथें सिंहलाचे भिक्षु पुष्कळ होते. लेख होता, आणि येणारांची रांगही अखंड होती.

आतां नालंदेच्या पहिल्या क्रमांकाच्या विहारांत १९२१ सालीं हिरानंद शास्त्री यांस सांपडलेला देवपालाचा ताम्रपट पाहावा. मुद्गगिरीहून, म्हणजे मुंगेरहून, दिलेलें हें दान आहे. राज्यवर्ष शास्त्री ३९ वाचतात, दुसरे ३५. सुवर्णद्वीपाचा शैलेंद्र राजा बालपुत्रदेव यानें नालंदेंत विहार बांधला व दूत पाठवून देवपालाकडे विनंति केली. त्यावरून राजगृह विषयांतील चार व गया विषयांतील एक अशीं पांच गांवें दिलीं गेलीं. लेखाचा बहुतेक उपयोग शैलेंद्रांची वंशावळ लावण्याकडे झाला. परंतु दान कशासाठीं, हें त्यांतच सांगितलें आहे : पूजा, सत्र, चीवर, भिक्षान्न, शयनासन, आजाऱ्यांचें औषध, धर्मग्रंथांचें लेखन आणि पडझडीची दुरुस्ती. वसतिगृहाच्या वार्षिक अंदाजपत्रकांतील बहुतेक रकमा येथें आहेत. पोथ्या उतरविण्याचा खर्च अंथरुणा-औषधाच्या रांगेंत बसविला आहे, याकडे संग्राहकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें.

या विहारास जावा-सुमात्रेच्या विद्यार्थ्यांचें वसतिगृह म्हणण्याचा मोह होतो, व कित्येकांनीं तसें म्हटलेंही आहे. लेख तसें म्हणत नाहीं. भोक्ता सांगितला आहे तो चातुर्दिश संघ, म्हणजे चारी दिशांचे भिक्षु. बांधणारा परका, गांवें देणारा स्थानिक, राहणारा कोणीही. सुवर्णद्वीपाचे विद्यार्थी तेथें राहात असतील हें संभवनीय आहे; पण ते न आल्यास दान लोपावें अशी अट त्यांत नाहीं. चीनविहाराची गत पाहिल्यावर या शब्दयोजनेचें शहाणपण कळतें. ती शहाणपणानें योजिली कीं केवळ रूढीनें आली, हें सांगणें कठीण. चातुर्दिश संघाचा उल्लेख जुन्या दानलेखांतही नेहमींचा आहे, आपल्याकडील लेण्यांतही तो आढळतो.

ज्यांना आपल्या देशचें घर तेथें नव्हतें त्यांपैकीं एकाची नोंद इ-त्सिंगनें आपल्या छप्पन्न यात्रेकरूंच्या चरित्रसंग्रहांत केली आहे. हा ग्रंथ शाव्हान यांनीं १८९४ सालीं फ्रेंच भाषेंत आणला. नालंदेंतील चिनी पोथ्या चाळतांना इ-त्सिंगास एका पोथीच्या शेवटीं पुष्पिका दिसली. सिल्ल, म्हणजे कोरिया देशचा भिक्षु ह्ये-ऑप यानें बुद्धाच्या दंतकाष्ठाच्या झाडाखालीं बसून ही लिहिली, एवढाच तिचा आशय. त्यानें विहारांतील भिक्षूंस विचारलें. ते म्हणाले, तो येथेंच वारला, वय साठीच्या आसपास होतें. त्यानें उतरलेल्या संस्कृत पोथ्या विहारांतच आहेत.